ग्रुपवर ‘बायकांचा मेंदू’वाला फॉरवर्ड आला की काय करायचं

‘सायन्सने सिद्ध केलंय, बायकांना नकाशा कळत नाही’ असलं काहीतरी आमच्या फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा येतंच, आणि पाठवणारे काका स्वतः गुगल मॅप लावून पुण्यात दोनदा चुकलेत, ते असो.

आधी भडकू नका, आणि ‘फरक बिरक काही नसतो’ असंही ठोकून देऊ नका. असतात फरक. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी बायकांच्या अंगातून हळू उतरते, म्हणून अमेरिकेत २०१३ साली त्यांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. हे कोणी मोजलंच नसतं तर?

मग विचारायचं, फरक केवढा? जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००५ मध्ये ४६ मेटा-अ‍ॅनॅलिसिस (म्हणजे एकाच विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब) एकत्र तपासले, तर बायका-पुरुषांमधले ७८ टक्के फरक नगण्य किंवा छोटे निघाले. चेंडू वगैरे लांब फेकण्यात मात्र पुरुष बरेच पुढे, ते मान्य करून टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजलं कोणाला? नकाशावाल्या फॉरवर्डला माझं ठरलेलं उत्तर म्हणजे खासी आणि कार्बी. ईशान्य भारतातल्या या दोन शेजारी जमाती, खासींमध्ये इस्टेट धाकट्या मुलीकडे जाते आणि कार्बींमध्ये मुलांकडे. २०११ च्या अभ्यासात दोन्हीकडच्या मिळून जवळपास १३०० लोकांना चार तुकड्यांचं घोड्याचं कोडं जुळवायला दिलं (नकाशासारखंच, आकार आणि जागा डोक्यात बसवायचं काम), अर्ध्या मिनिटात जमलं तर वरती पैसे. कार्बी बायकांना पुरुषांपेक्षा साधारण ३६ टक्के जास्त वेळ लागला, आणि खासींकडे हा फरक गायबच! कारणांमध्ये शिक्षणाचाही वाटा निघाला, म्हणजे ‘इस्टेट हातात आली की डोकं चालतं’ इतकं सोपं नाहीये हां, तेवढं ताणू नका, नाहीतर आपणही काकांच्याच लाइनीत.

हे सगळं टाइप करायचा कंटाळा आला तर एवढंच पाठवा: “काका, सरासरी फरक किती आणि कोणत्या लोकांत, लिंक असेल तर टाका ना.” लिंक शक्यतो येत नाही.

‘मग समानता कशाला हवी’ यावर गाडी घसरलीच तर अभ्यास बाजूला ठेवा. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क दिला, तेव्हा कोणाच्या डोक्याचं एमआरआय काढलं नव्हतं. आणि काकांना तरी वाटा मिळाला तेव्हा नकाशा वाचायला लावला होता का कोणी?