रव्याशिवाय मासे: आठ पाहुण्यांसाठी तयारीची यादी

पिष्ट (कार्बोहायड्रेट) टाळणाऱ्या पाहुण्यांना जेवणाआधी द्यायचे हे मासे. सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. मंगळवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी यांतलं कोण काय पाळतं ते विचारून तारीख ठरवा, आणि त्याच फोनवर कोळंबीची कुणाला ॲलर्जी आहे का तेही विचारा. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा हा बेत नारळी पौर्णिमेनंतर केलेला बरा. कुणी इन्सुलिन घेत असेल तर जेवण किती वाजता वाढणार ते त्यांना आधीच सांगा. नुसते मासे खाऊन तासन्‌तास बसलं तर त्यांची साखर उतरू शकते.

आता मासे कुठले घ्यायचे ते. माशात पिष्ट जवळपास नसतंच. ते येतं रव्यातून, तांदळाच्या पिठातून, कटलेटमधल्या बटाट्यातून. 100 ग्रॅम रव्यात सुमारे 70 ग्रॅम पिष्ट असतं. म्हणून बोंबील या यादीत नाही. मला तो फार आवडतो, पण त्याच्या अंगात इतकं पाणी असतं की दाबून, रव्यात घोळवल्याशिवाय तो कुरकुरीत होत नाही. रावस आणि कोळंबी घ्या. जेवणाआधीचं खाणं आहे, तेव्हा माणशी 100 ग्रॅम साफ केलेला मासा पुरतो: रावस अर्धा किलो बोनलेस, आणि मध्यम कोळंबी कवचासकट 700-800 ग्रॅम, कारण सोलून ती निम्मीच उरते. बाजारात सकाळीच जा. कल्ले लाल हवेत, बोटानं दाबल्यावर खड्डा राहायला नको. रावसाचे दोन घासांचे चौकोनी तुकडे कोळणीकडूनच करून घ्या. तिच्या कोयत्याला जे जमतं ते आपल्या सुरीला जमत नाही.

घरी आल्यावर कोळंबीचा काळा धागा काढा, मासे धुवा आणि कोरडे करा. रव्याशिवाय खरपूस होण्याचं सगळं गणित या कोरडेपणात आहे. ओला तुकडा तव्यावर शिजतो, भाजला जात नाही. मी स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. मसाला लावल्यावरही मासे फ्रिजमध्येच ठेवायचे, ओट्यावर नाही. एकदा मी बांगडे दुपारभर बाहेर ठेवले होते आणि घरातल्या दोघांच्या अंगावर गांधी उठल्या. बांगडा, सुरमई उबेला राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही.

रावसाला आलं, लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर यांचं घट्ट वाटण, हळद आणि चमचाभर कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून घालताना हात आखडता घ्या. वाटणात पाणी घालू नका. कोळंबीला फक्त ठेचलेला लसूण, मिरी, हळद, मीठ. लिंबू शेवटी पिळा, आधी लावून ठेवलं तर ती चिवट होते.

खोबऱ्याची चटणी सकाळी वाटून ठेवा, सवयीनं पडणारी साखरेची चिमूट टाळून. सोलकढीही तशीच. काकडीच्या जाड चकत्या मात्र पाहुणे आल्यावरच कापा, नाहीतर पाणी सुटतं. पावाच्या जागी त्याच. एकेका चकतीवर थोडी चटणी, वर कोळंबी.

बिडाचा तवा पहिला पाहुणा आत आल्यावर तापत ठेवा. खोबरेल तेल, मोठी आच, एका वेळी सहा-सातच तुकडे. गर्दी केली की पाणी सुटलंच. रावस एका बाजूनं तीन मिनिटं अजिबात हलवू नका, मग उलटा. कोळंबी वळून गुलाबी झाली की लगेच उतरवा. दोन तासांहून जास्त काही टेबलावर राहू देऊ नका. शेपट्या टाकायला एक रिकामी वाडगी आणि हात धुवायला लिंबाच्या फोडी हाताशी ठेवा.