जामीन राहायच्या आधी समोरच्या माणसाचं काय काय बघायचं

पतसंस्थेत कुणी जामीनदार व्हा म्हणालं की आपण "नुसती सहीच तर करायचीय" म्हणून करून टाकतो, माझ्या वडिलांनी पण एका सहकाऱ्यासाठी अशीच भिडेपोटी केली आणि पुढे दीड वर्ष त्यांच्या पगारातून त्याचे हप्ते कापले गेले. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, त्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरलीय, म्हणजे संस्था आधी त्याच्याच मागे लागेल असं काही नाही, थेट तुमच्याकडे येऊ शकते.

आधी कर्ज घेणाऱ्याकडे सिबिल रिपोर्ट मागा, म्हणजे त्याने आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद. स्कोअर ३०० ते ९०० असतो पण स्कोअरच्या स्क्रीनशॉटवर भागवू नका, पूर्ण रिपोर्ट बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो त्यामुळे पैसे पडतात हे कारण चालत नाही. कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस लेट गेला ते त्यात दिसतं. 'सेटल्ड' (पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेलं कर्ज) किंवा 'रिटन ऑफ' (बुडीत धरलेलं कर्ज) दिसलं तर मी तरी सही करणार नाही. गेल्या दोन महिन्यांत चार-पाच ठिकाणी एन्क्वायरी, म्हणजे कर्जासाठी अर्ज केल्याची नोंद असेल तर माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय हे समजा.

पण हातउसने, भिशी, सावकार हे सिबिलला दिसत नाही आणि खरी गडबड बहुतेक इथेच असते! त्यासाठी ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट बघा, पगार आला की दोन दिवसात खातं रिकामं होतंय का, चेक किंवा हप्ता परत गेल्याचे (रिटर्नचे) चार्जेस लागलेत का. आणि घरी चहाला जाऊन त्याच्या बायकोसमोर कर्जाचा विषय काढा, तिला काहीच माहिती नसेल तर तिथेच कळतं.

शेती आहे म्हणाला तर सातबारा ऑनलाइन काढा, 'इतर हक्क' या रकान्यात बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद आहे का आणि जमीन भावांसोबत सामाईक आहे का बघा. ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव टाकून चेक बाउन्सची केस पण शोधता येते, फक्त एकाच नावाची माणसं बरीच असतात, पत्ता जुळवा.

दुसरा जामीनदार कोण आहे ते विचारून त्याला फोन करा. फॉर्मवर रक्कम लिहिलेली नसेल तर सही करू नका, संस्थेतला माणूस कितीही घाई करू दे. आणि जामीन राहिलेलं कर्ज तुमच्याही रिपोर्टला येऊ शकतं, तेव्हा वर्षभरात स्वतःचं होम लोन काढायचं असेल तर त्याला आत्ताच सरळ नाही म्हणा.