आर्टिस्ट स्टेटमेंट लिहिताना या चुका टाळा

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत गेलात तर चित्रांशेजारी लावलेला कागद, म्हणजे चित्रकाराचं मनोगत किंवा आर्टिस्ट स्टेटमेंट, लोक कसा वाचतात ते जरा बाजूला उभं राहून बघा. पहिल्या दोन ओळी वाचतात. त्यात समोरच्या चित्रातलं काही सापडलं तर पुढे वाचतात, नाहीतर पुढच्या चित्राकडे सरकतात.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती चूक म्हणजे कुणाच्याही चित्रांना चालेल असं मनोगत. लालबागच्या एका तरुण चित्रकाराने ग्रुप शोसाठी लिहिलं होतं, "माझी कला म्हणजे अस्तित्वाच्या शोधाचा अंतहीन प्रवास." चित्रं बघितली तर सगळीकडे एक दुधाळ निळा. विचारलं, हा निळा आणलास कुठून रे? म्हणाला, "सर, आमची खोली चाळीत वरच्या मजल्यावर. मे संपत आला की कौलांवर निळी ताडपत्री टाकतात. मग काचेच्या कौलातून चार महिने निळाच उजेड. आईचा चेहरा, ताटातला भात, सगळं निळं." म्हटलं, हेच लिही. त्याने लिहिलं. 'अस्तित्व' कुठे लागलंच नाही.

तुमचंही अडलं असेल तर लगेच लिहायला बसू नका. मित्राला चित्रासमोर उभं करा, त्याला हवं ते विचारू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर उतरवून काढा. निम्मं मनोगत त्यातच मिळतं.

जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात लागलेलं चित्र, याचा अभिमान हवाच, पण त्याची जागा बायोडेटात. इथे काय केलं, कशाने केलं, का केलं एवढंच. 'मिश्र माध्यम' म्हणून सोडून देऊ नका. जुन्या लुगड्यावर गेरू आणि डिंक वापरला असेल तर तसं लिहा. लुगडं आजीचं असेल तर तेही.

'लाल म्हणजे क्रोध' असा अर्थ मात्र सांगून टाकू नका, बघणाऱ्याला काही उरत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्तसुद्धा म्हणत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारी, म्हणत. एकच शब्द, पण नेमका.

गॅलरीला इंग्रजी हवं असतं म्हणून थेट इंग्रजीत लिहिलं की उसने शब्द येतात. आधी मराठीत लिहा. मशीनकडून भाषांतर केलंत तर ओळ न् ओळ तपासा, नाहीतर छपरावरच्या कौलाचा निवडणुकीतला कौल व्हायचा. शब्दमर्यादा दिली नसेल तर दीडशे-दोनशे शब्द पुरतात.

आणि नव्या कामाला जुनं स्टेटमेंट जोडू नका. त्या लालबागच्या मुलाने यंदा सगळं काम कोळशात केलंय, काळंभोर. अर्जासोबतच्या कागदावर मात्र अजून निळी ताडपत्रीच होती. मी पेन्सिलीने खूण करून कागद परत दिला.