मंदीच्या काळात गाळेमालकाने भाड्याचा व्यवहार कसा सांभाळावा

सोलापुरात मंदी आधी यंत्रमागावर येते आणि मग बाजारात उतरते. टॉवेल-चादरीची मागणी घटली की पूर्व भागातील कामगाराच्या हाती येणारा पैसा आटतो, आणि थोड्याच दिवसांत कन्ना चौक, साखर पेठेतला दुकानदार भाडे कमी करण्याची विनंती घेऊन मालकाकडे येतो. अशा वेळी नकार देण्यापूर्वी मालकाने हिशेब मांडावा.

समजा, भाडे दरमहा 20,000 रुपये आहे. सहा महिने 4,000 रुपयांची सवलत दिल्यास 24,000 रुपये सोडावे लागतात. गाळा तीनच महिने रिकामा राहिला तर 60,000 रुपये बुडतात, आणि मिळकतकर व कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. माझा एक गाळा पावसाळाभर बंद होता. उघडायला गेलो तेव्हा शटरच्या पट्ट्या गंजून अडकल्या होत्या, भिंतींना ओल आली होती आणि नवा भाडेकरू येण्याआधी दुरुस्तीवर खर्च करावा लागला. म्हणून आजवर वेळेवर भाडे दिलेला दुकानदार टिकवावा, असे माझे ठाम मत आहे.

मात्र सवलत तोंडी देऊ नये. रक्कम किती, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आणि मुख्य म्हणजे ती माफ केली आहे की पुढे हप्त्यांनी घ्यायची आहे, हे स्पष्ट लिहावे. वाद बहुधा इथेच उभा राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, त्यामुळे भाड्यातील बदलही पुरवणी करार करून नोंदवावा.

थकबाकी वाढू लागली तर ती दरमहा अनामत रकमेशी ताडून पाहावी आणि अनामत संपण्याआधीच लेखी नोटीस द्यावी. कितीही राग आला तरी भाडेकरूच्या शटरला आपले कुलूप लावू नये किंवा त्याची वीज तोडू नये. वीजबिलाची पावती मात्र दरमहा मागावी, कारण थकबाकीपोटी मीटर निघाले तर पुढच्या भाडेकरूसाठी जोडणी घेताना अडचण मालकालाच येते.

महापालिकेचा मिळकतकर 31 मार्चपूर्वी भरावा. तो ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला जातो, त्याच वर्षी प्राप्तिकराच्या हिशेबात घरमालमत्तेच्या, म्हणजे भाड्याच्या, उत्पन्नातून वजा होतो. गाळ्यावर कर्ज असेल आणि हप्ता चुकणार असे दिसत असेल, तर 90 दिवसांची थकबाकी होऊन खाते अनुत्पादित (म्हणजे बँकेच्या लेखी वसुली थकलेले) ठरण्याची वाट न पाहता पुरवणी कराराची प्रत घेऊन बँकेत जावे आणि हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा अर्ज द्यावा.