ड्रोन कॅनबेराला, मी लातुरात

घरच्या डेस्कटॉपवर आर्डुपायलटचा, म्हणजे ड्रोन उडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सिम्युलेटर बसवला. खरं ड्रोन नाही, सगळं स्क्रीनवरच. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) आणि त्यात उबंटू हे लिनक्स. आधी कोड सी ड्राइव्हवर ठेवला होता. कंपाइल (कोडचा चालता प्रोग्राम करणं) इतकं रेंगाळलं की मध्येच लाइट गेली. उबंटूच्या होम फोल्डरात हलवला तेव्हा कुठं गाडी पळाली.

खरा घोळ पुढं. टर्मिनलमध्ये ड्रोन मस्त उडतंय, ते नकाशावर दाखवणारं विंडोजवरचं मिशन प्लॅनर मात्र ढिम्म! दोन रात्री मी फायरवॉलला शिव्या घातल्या. डब्ल्यूएसएल-२ चं नेटवर्क वेगळं असतं, त्यामुळं १२७.०.०.१ वर (म्हणजे ‘हेच मशीन’ या पत्त्यावर) पाठवलेला डेटा उबंटूतच घुटमळत होता. माझी आर्डुपायलटची आवृत्ती जुनी. नवीनमध्ये हे आपोआप जुळतं म्हणे. मी उबंटूत ‘आयपी रूट’ ही कमांड चालवली, ‘डिफॉल्ट व्हाया’पुढचा पत्ता, म्हणजे विंडोजचा, उचलला आणि सिम्युलेटरच्या आउट पर्यायात १४५५० पोर्टसह दिला. मिशन प्लॅनरमध्ये ड्रोनचे पॅरामीटर (सेटिंग्ज) भराभरा उतरू लागले.

मागून आई डोकावली, “कुठलं शिवार हाय रे हे?”

ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा! आपण काही सांगितलं नाही तर सिम्युलेटर ड्रोन तिथंच ठेवतो. कस्टम लोकेशनमध्ये लातूरचे अक्षांश-रेखांश १८.४०, ७६.५६ टाकले आणि ड्रोन लातुरात आलं.

रीस्टार्टनंतर विंडोजचा तो पत्ता बदलू शकतो. आमच्याकडं लाइटीचा भरवसा नाही, म्हणून तो शोधायचं काम आता स्क्रिप्टवरच सोपवलंय.