सराफाची जुनी डबी रद्दीत टाकण्याआधी

जळगाव, धुळे, अमळनेरकडच्या जुन्या घरांत आवराआवर निघाली की सराफाच्या रिकाम्या डब्या, बिलं आणि जाहिरातीची कॅलेंडरं सरळ भंगारवाल्याकडे जातात. कृपा करून आधी नीट पाहा. पायऱ्यापायऱ्यांची चौकट, पंख्यासारखे फाकलेले किरण, ठसठशीत कोनदार अक्षरं दिसली तर ती आर्ट डेकोची छाप. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनाने गाजवलेली ही शैली आपल्याकडे पुढेही बरीच वर्षं छापली जात होती, म्हणून नुसत्या नक्षीवरून साल ठरवू नका.

छापलेला मजकूर वाचा. पत्त्यात ‘पूर्व खानदेश’ असेल तर वस्तू बहुधा १९६० च्या आधीची. त्या वर्षी जिल्ह्याचं नाव जळगाव झालं. हिशेब रुपये-आणे-पैमध्ये असेल तर साधारण १९५७ पर्यंतची. पिनकोड असेल तर १९७२ च्या आधीची नाहीच. छापलेला साठा संपेपर्यंत वापरत, तेव्हा दोन खुणा जुळल्या तरच साल लिहा, तेही वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने.

मखमल मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं लावलंत तर रंग सुटतो आणि खालचा पुठ्ठा फुगतो. झाकणाच्या आतला सोनेरी ठसा तर अजिबात घासू नका, सराफाचं नाव बहुतेकदा तिथेच असतं. सेलोटेप आणि लॅमिनेशन वर्ज्य. आणि आपल्याकडचा वैशाखातला पत्र्याखालचा माळा कागदाला मारतो. डब्या खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवा.