स्ट्रोकचा स्कॅन वाचायला शिकताना

रेडिओलॉजीला नवीन आलेली मुलं विचारतात की स्ट्रोकचा सीटी आला की आधी काय बघायचं, तर मी म्हणते आधी फोन करा आणि पेशंट शेवटचा नीट कधी दिसला होता ते विचारा. सकाळी उठल्यावर हात हलेना, म्हणजे वेळ सकाळची नाही, रात्री झोपताना बरा होता ती धरायची. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मर्यादा साडेचार तासांची, म्हणून सगळं त्यावर अडतं.

साध्या सीटीत पहिलं रक्तस्राव बघायचा, तो असेल तर ते इंजेक्शन बाद. ताजं रक्त पांढरं दिसतं, ते पटकन जमतं. अवघड असतं ते न दिसणारं, कारण पहिल्या काही तासांत इस्केमिक, म्हणजे गुठळीने रक्त अडलेल्या, स्ट्रोकचा सीटी चक्क नॉर्मल असू शकतो. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं 'नॉर्मल' नका लिहू, 'रक्तस्राव नाही' लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं स्ट्रोकच नाही.

फर्स्ट इयरला एका नाईटला उजवी बाजू गेलेला, बोलणं बंद झालेला पेशंट आला आणि मी नेहमीच्या विंडोवर (स्क्रीनवर दाखवायच्या करड्या छटांची रेंज) बघून काही नाही म्हटलं. सीनियरने मागे उभं राहून विंडो अरुंद केली, विड्थ ४० लेव्हल ४०, आणि डाव्या इन्सुलाची (मेंदूच्या बाजूच्या खाचेत दडलेला भाग) कड पुसलेली दिसली, उजवीकडे मात्र स्पष्ट. मग पातळ स्लाइसवर डाव्या एमसीएत (मिडल सेरेब्रल आर्टरी, मेंदूची एक मोठी धमनी) पांढरी रेघ, तीच गुठळी. त्या दिवसापासून दोन्ही बाजू ताडून बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. सीटीवर किती भाग बिघडलाय ते मोजणारा आस्पेक्ट्स स्कोअरही असाच शिका, १० पासून सुरू करून एमसीएच्या इलाख्यातले जेवढे ठरलेले भाग बिघडलेत तेवढे गुण कमी.

मोठी नळी बंद असल्याचा संशय आला की लगेच सीटी अँजिओ, म्हणजे डाय देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी, महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंत. २०१५च्या ट्रायल्सनंतर गुठळी ओढून काढायची थ्रॉम्बेक्टॉमी पक्की झाली आणि २०१८मध्ये डॉन ट्रायलने निवडक पेशंटमध्ये ती ६ ते २४ तासांतही फायद्याची दाखवली. ही निवड होते इमेजिंगवर, मेलेला भाग किती आणि वाचवण्यासारखा किती, हे परफ्यूजनवर (मेंदूत रक्त कुठे किती पोचतंय ते दाखवणारा स्कॅन) किंवा एमआरआयवर बघून.

एमआरआयवर डिफ्यूजनमध्ये (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारी चित्रं) चमकलं म्हणून लगेच स्ट्रोक म्हणू नका, एडीसीवर (त्याच हालचालीचा मोजलेला नकाशा) तीच जागा काळी आहे का ते बघा. झोपेतून उठलेल्या पेशंटचं डिफ्यूजन पॉझिटिव्ह आणि फ्लेअर (एमआरआयचीच दुसरी एक चित्रमालिका) अजून स्वच्छ असेल तर स्ट्रोक बहुधा साडेचार तासांच्या आतला.

आणि चक्कर, दोन-दोन दिसणं असेल तर सीटीवर भिस्त ठेवू नका, मेंदूच्या मागच्या भागात हाडांच्या आर्टिफॅक्टमुळे, म्हणजे हाडांमुळे चित्रात येणाऱ्या खोट्या रेघांमुळे, नीट दिसत नाही आणि तिथे सुरुवातीला डिफ्यूजनही कधीकधी निगेटिव्ह येतं, अँजिओवर बॅसिलर आर्टरी (मेंदूच्या मागच्या भागाची मुख्य धमनी) स्वतः स्क्रोल करत खालून वरपर्यंत बघा.